साइल आणि महरूम

दादर स्थानकाबाहेर फुलबाजाराच्या तोंडाशी, परळला टाटा रुग्णालयाच्या फाटकासमोर, लालबागला गणपतीच्या दहा दिवसांत, गिरगावात चर्नी रोडच्या पुलाच्या पायऱ्यांवर आणि माहीमला गुरुवारी दर्ग्याच्या रस्त्यावर हात पुढे केलेला माणूस आपल्याला हमखास भेटतो. नुसता हात पुढे केलेला असेल तर आपले फारसे काही बिघडत नाही. आपण देतो, किंवा 'माफ करो बाबा' म्हणून पुढे जातो. अडचण होते ती मागणारा आपली बाही धरतो तेव्हा. लहान मूल पायाला मिठी मारते आणि सुटत नाही. टॅक्सीच्या काचेवर नाण्याने टकटक सुरू होते. तृतीयपंथी टाळी वाजवून अंगावर येतो आणि दिले नाही तर शाप देतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत बुरख्यातील बाई दुकानाच्या पायरीवर ठाण मांडते, गिऱ्हाईक आत येऊ देत नाही आणि दुकानदाराच्या मेलेल्या आईबापाचा उद्धार करते. त्या वेळी आपल्या मनात जी चीड उठते तिचे काय करायचे? ती चीड न्याय्य आहे काय? आणि न्याय्य असेल तर तिच्या बळावर आपल्याला काय काय करण्याचा अधिकार मिळतो?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या समाजात जकात हे फर्ज आहे, ज्याच्या प्रत्येक मशिदीच्या दाराशी शुक्रवारी मागणाऱ्यांची रांग असते, त्या समाजाने तो क्षुल्लक मानणे आम्हाला बरे वाटत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जबरदस्तीने मागणे ही काही आजच्या मुंबईची पैदास नाही. आसूडाने स्वतःच्या उघड्या पाठीवर फटके ओढणारा पोतराज महाराष्ट्राच्या गावागावांतून फिरत होता. तो मागत होता की भीती घालत होता? आपल्याकडेही गुर्ज घेतलेले रफाई फकीर होतेच. लोखंडी टोके अंगात खुपसून दुकानासमोर उभे राहायचे. रक्त दिसले की दुकानदार गल्ल्यात हात घालायचा. आजही लालबाग-दादरच्या दुकानांतून लोबानचा धूर फिरवीत जाणारा, मोरपिसांचा कुंचा डोक्यावर टेकवणारा फकीर दिसतो. त्याला मराठी दुकानदारही सहसा 'नाही' म्हणत नाही. फरक इतकाच, की गावात मागणाऱ्याला ओळख होती. वासुदेव कोणत्या दिवसांत येणार, पोतराज कोणत्या आळीतून सुरुवात करणार, कोणाच्या घरून सूपभर आणि कोणाच्या घरून पसाभर मिळणार, हे ठरलेले असे. मागणाऱ्याला देणाऱ्याचे नाव माहीत, देणाऱ्याला मागणाऱ्याचे. शहरात दोघेही एकमेकांना अनोळखी. सिग्नल सुटेपर्यंत किंवा माणूस जिना उतरेपर्यंतच काय तो वेळ. एवढ्या वेळात आपल्या दुःखाची हकिगत सांगून कोणाचे मन वळवणार? त्यापेक्षा त्रास देणे सोपे.

आणि त्रासाला फळ येते, ही गोष्ट आपण कबूल करायला हवी. भिंतीला टेकून गप्प बसलेल्या म्हाताऱ्याच्या वाडग्यात आपण किती वेळा नाणे टाकतो? बाही धरणाऱ्याला मात्र देतो. त्याला दिलेले ते पैसे खैरात नसते, सुटकेचे मोल असते. दया आली म्हणून दिले असे आपण घरी सांगतो खरे, परंतु त्या क्षणी दया कोठेच नसते. मागणारा हे आपल्यापेक्षा चांगले ओळखतो. रोज शेकडो माणसांच्या वागण्यावरून तो शिकलेला असतो की नम्रपणाला या रस्त्यावर भाव नाही. शाळेत आम्ही मुलांना शिकवतो ते फळ्यावर. रस्त्यावर आपण सगळेच शिकवत असतो आणि तेथला विद्यार्थी फार हुशार असतो.

आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. बाप जरीच्या कारखान्यात कामाला, पुढे क्षयाने आजारी पडून शिवडीच्या इस्पितळात. मुलाला इतर मुले 'फकीर का बच्चा' म्हणत. (आमच्या उर्दूत फकीर हा केवढा मोठा शब्द! सूफींनी 'फक्र' म्हणजे अभिमानाची दौलत मानली आणि मुंबईच्या शाळेच्या आवारात त्याची शिवी झाली.) चौकशी केली तेव्हा कळले की त्याची आई शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर उभी राहते, आणि तिच्या तोंडाला तेथले दुकानदार घाबरून असतात. आम्ही तिला शाळेत बोलावले. जिची एवढी कीर्ती ती बाई खुर्चीवर बसायलाही तयार होईना. दाराशी उभी राहिली. फीविषयी, वह्यांविषयी, नवऱ्याच्या औषधांविषयी, कशाविषयीही काही मागितले नाही. आम्हीच विचारले तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "सर, आहिस्ता बोलो तो कोई सुनता नहीं. जोर से बोलो तो पाँच रुपया गिरता है."

शिक्षककक्षात यावर चर्चा झाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की या बायकांनी कौमची नाचक्की केली आहे. सिग्नलवर बुरखा दिसला की सगळ्या शहराला वाटते मुसलमान म्हणजे मागणारे. दुसरे म्हणाले, त्यातल्या निम्म्या मुसलमान नसतातच, रमजानपुरता बुरखा घालतात. तिसऱ्यांना सगळीकडे टोळ्या दिसत होत्या. ही तिन्ही मते आपल्या वाचकांनीही ऐकली असतील, कदाचित मांडलीही असतील. म्हणून त्यांच्याकडे थोडे थांबून पाहू.

२०११ च्या जनगणनेत देशभरात भिकारी आणि निराधार भटके म्हणून नोंदलेल्यांची संख्या सुमारे पावणेचार लाख होती. त्यांत मुसलमान जवळजवळ पाव हिस्सा. लोकसंख्येत आपण चौदा टक्के आणि मागणाऱ्यांत पंचवीस टक्के. हा आकडा २०१६ साली वर्तमानपत्रांतून आला तेव्हा आपल्यातील काहींनी मान खाली घातली, काहींनी आकड्यावरच शंका घेतली. सच्चर समितीने २००६ साली जे सांगितले होते तेच हा आकडा वेगळ्या भाषेत सांगत होता, असे फार थोड्यांनी म्हटले. नाचक्की कसली वाटते याचा विचार करावा. आपल्यातील एक बाई पाच रुपयांसाठी ओरडते, ही नाचक्की. ती ओरडण्याआधी सहा महिने त्याच मोहल्ल्यात तिच्या घरी चूल पेटत नव्हती आणि कोणाला पत्ता नव्हता, ही नाचक्की नव्हे? टोळ्यांविषयी म्हणाल तर मुलांना पळवून किंवा पांगळे करून मागायला लावणे हा भयंकर गुन्हा आहे आणि त्यासाठी कडक कायदे आहेत. दादरला आठ वर्षांचे मूल पायाला बिलगते तेव्हा त्याच्या हातात रोख पैसे न देण्याचा निर्णय आम्हालाही योग्य वाटतो; १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक कोणीही फिरवू शकतो. परंतु 'टोळी, टोळी' हा शब्द आपण बहुधा मूल वाचवण्यासाठी उच्चारत नाही, खिसा वाचवण्यासाठी उच्चारतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. रस्त्यावरच्या मागणाऱ्याला उचलून नजरेआड करण्याची इच्छा या शहरात जुनी आहे. गंमत अशी की इंग्रजी अमलात भटक्यांविरुद्धचा एक ठळक कायदा आपल्या लोकांसाठी नव्हताच. जहाजावरून, छावणीतून, रेल्वेतून सुटलेले गोरे दारू पिऊन बंदरांच्या शहरांत मागत फिरू लागले आणि राज्यकर्त्यांच्या रुबाबाला धक्का बसू लागला, म्हणून १८७४ चा युरोपियन भटक्यांविषयीचा कायदा झाला. त्यांचीही नाचक्कीच होत होती! पुढे १८९० मध्ये, रस्त्यावर बसणाऱ्या महारोग्यांना शहरापासून दूर ठेवण्यासाठी, महापालिका आयुक्त ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंगा-वडाळ्याला ते इस्पितळ उभे राहिले जे आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९४५ मध्ये मुंबई प्रांताने भिकाऱ्यांसाठी कायदा केला आणि १९५९ मध्ये आजचा भीक प्रतिबंधक कायदा आला. तो पुढे अनेक राज्यांनी उचलला.

या कायद्यात भीक म्हणजे काय, याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक जागी दान मागणे किंवा घेणे. मग ते गाऊन असो, नाचून असो, भविष्य सांगून असो, कसरत करून असो वा एखादी वस्तू विकण्याच्या निमित्ताने असो. जखम किंवा व्यंग दाखवून मागणे. इतकेच नव्हे, तर उपजीविकेचे दिसणारे साधन नसताना अशा रीतीने फिरणे वा थांबणे की हा मागूनच जगत असावा असे वाटावे, तेही. वॉरंटशिवाय पकडता येते. पहिल्यांदा एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात, पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. मुंबईतले गृह चेंबूरला आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत मुंबई पोलिसांनी पुन्हा एकदा मोहीम काढून लोकांना उचलले आणि तेथे पाठवले.

या व्याख्येत बाही धरणे कोठे आहे? शोधूनही सापडत नाही. भिंतीला टेकून गप्प बसलेला म्हातारा आणि वाट अडवून धमकावणारा तरुण, दोघे या कायद्याला सारखेच. कोणी आपली वाट अडवली, अंगाला हात लावला, धमकी दिली तर त्यासाठी साधा फौजदारी कायदा पुरेसा आहे. तो श्रीमंतालाही लागू आहे आणि गरिबालाही. १९५९ च्या कायद्याने जे केले ते वेगळेच. गरिबी दिसणे हाच त्याने अपराध ठरवला. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी, हर्ष मंदर यांच्या याचिकेवर, दिल्लीपुरत्या या कायद्याच्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. त्याआधी २००६ मध्ये त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती बदर दुर्रेज अहमद यांनी आळसाने मागणारा, व्यसनासाठी मागणारा, टोळीच्या धाकाने मागणारा आणि पोटासाठी निरुपायाने मागणारा यांत भेद केला पाहिजे, असे सांगितले होते. २०२१ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यांवरून भिकाऱ्यांना हटवण्याचा आदेश देण्यास नकार दिला. पर्याय असता तर कोणी भीक मागितली नसती, असा त्या म्हणण्याचा आशय होता. महाराष्ट्रात मात्र तो कायदा उभाच आहे. तृतीयपंथीयांविषयीच्या विधेयकातही भीक मागण्यासंबंधी शिक्षेचे कलम २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले होते. त्या समाजाने रस्त्यावर उतरून विरोध केला आणि २०१९ च्या कायद्यातून ते गळले. त्यांचे म्हणणे साधे होते. काम कोणी देत नाही, घर कोणी देत नाही, टाळीही वाजवू नका म्हणता, मग जगायचे कसे?

कायदा सोडून आता आपण आपल्या दीनकडे वळू. कारण आपल्या वाचकाची खरी अडचण तेथे आहे. सदक्याविषयीची वाअजे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मागणाऱ्याला झिडकारू नका, अशी स्पष्ट आज्ञा सूरह दुहामध्ये आहे. तेथे अरबीत जो शब्द आहे त्याचा अर्थ दरडावणे, हाकलून लावणे असा होतो. द्यायलाच हवे असे तेथे म्हटलेले नाही. नाकारण्याची मुभा आहे. नाकारताना दुसऱ्याला तुच्छ करण्याची नाही. आपल्या आयाबायांनी हे शास्त्र न वाचताच पचवले होते. 'माफ करो' हे दोन शब्द पाहा. न देणारा मागणाऱ्याकडे क्षमा मागतो! मराठीतही जुन्या बायका 'पुढं जा बाबा' म्हणत, त्यात 'बाबा' हा शब्द वगळत नसत. सूरह बकरात तर, ज्या दानाच्या मागे दुखावणे येते त्यापेक्षा गोड बोलणे आणि क्षमा करणे श्रेष्ठ, असे सांगितले आहे.

त्याच सूरहमध्ये पुढे एक आयत आहे आणि ती आमच्या विषयाला नेमकी लागू पडते. अशा गरजूंचे वर्णन तेथे आहे की जे लोकांच्या मागे लागून मागत नाहीत. त्यांच्या संयमामुळे अजाण माणसाला ते सुखवस्तूच वाटतात; चेहऱ्यावरून मात्र ओळखता येतात. 'इल्हाफ', म्हणजे चिकटून, पिच्छा पुरवून मागणे, हा शब्द तेथे आला आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या मदीन्यातही बाही धरणारे होते, एवढे यावरून समजायला हरकत नाही. अनेकजण ही आयत रस्त्यावरच्या मागणाऱ्याविरुद्ध वापरतात. 'बघा, कुरआनला असे चिकटणारे पसंत नाहीत.' आम्हाला वाटते, आयत मागणाऱ्याला उद्देशून नाहीच, ती देणाऱ्याला उद्देशून आहे. जो मागत नाही त्याला चेहऱ्यावरून ओळखण्याचे काम तिने कोणावर टाकले? ज्याच्या हातात आहे त्याच्यावर. आणखी दोन ठिकाणी कुरआनने श्रद्धावंतांच्या मालात 'साइल' आणि 'महरूम' या दोघांचा हक सांगितला आहे. साइल म्हणजे मागणारा. महरूम म्हणजे वंचित, ज्याला मिळत नाही आणि जो मागतही नाही. शब्द 'हक' आहे, मेहेरबानी नाही. आपण महरूमला शोधायला गेलो नाही की त्यातलाच एखादा काही काळाने साइल होऊन आपली बाही धरतो. ती बाई सहा महिने महरूम होती.

गिरणगावात राहणाऱ्याला महरूम कसा असतो हे सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि गिरण्याही विरत गेल्या. लालबाग-परळच्या चाळींतून भांडी विकली गेली, मुलांच्या शाळा सुटल्या, माणसे गावी गेली. विणकाम खात्यातले मदनपुऱ्याचे मोमीनही त्यांत होते. त्या कामगारांपैकी रस्त्यावर हात पसरून किती बसले? फार थोडे. कोणी दादरला भाजी विकली, कोणी रखवालदारी केली. गैरत होती. आणि गैरत होती म्हणूनच त्यांच्याकडे कोणाला पाहावे लागले नाही! ज्या जमिनीवर त्यांचा घाम पडला तेथे आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या फाटकापुढच्या सिग्नलवर काचेवर नाणे आपटणारा मुलगा कोणाचा नातू असेल, कोणास ठाऊक.

हजरत उमर (र.) यांची एक गोष्ट इमाम अबू यूसुफ यांनी आपल्या 'किताबुल खराज'मध्ये नोंदवली आहे. एका दारात एक आंधळा म्हातारा भीक मागत होता. विचारता तो यहुदी निघाला. जिझिया भरण्यासाठी, गरजेपायी, वयापायी मागतो म्हणाला. उमर यांनी त्याचा हात धरला, घरी नेऊन काही दिले आणि बैतुल मालच्या अधिकाऱ्याला निरोप पाठवला, की याची आणि याच्यासारख्यांची काळजी घ्या. याची जवानी आपण खाल्ली आणि म्हातारपणी याला टाकून दिले तर तो न्याय नव्हे. त्याचा जिझियाही माफ केला. या गोष्टीत उमर यांनी धर्म पाहिला नाही, हे आपण व्याख्यानांतून नेहमी सांगतो. परंतु खलीफाने स्वतःला त्या भिकेचा भागीदार मानले, हे सांगायचे राहून जाते. मुंबईने ज्यांची जवानी खाल्ली त्यांची यादी करायला बसलो तर केवढी होईल! गिरणीवाला, गोदीतला हमाल, जरीवाला, गावाहून आणलेली मोलकरीण.

यावर आपले मौलवीसाहेब दुसरी हदीस पुढे करतात आणि ती खरीच आहे. एक अन्सारी प्रेषित मुहंमद (स.) यांच्याकडे मागायला आला. घरात काय आहे, विचारले. एक जाड कापड, अर्धे अंगावर घेतो, अर्धे अंथरतो. आणि पाण्याचा एक वाडगा. दोन्ही मागवून प्रेषितांनी लिलाव केला. दोन दिरहम आले. एकाचे घरच्यांसाठी अन्न घे, दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आण, म्हणाले. पाते आल्यावर स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि पंधरा दिवस तोंड दाखवू नकोस, लाकडे तोड, असे सांगितले. तो दहा दिरहम कमावून परतला. ही हदीस सांगून झाली की लगेच 'काम करा, काम' असा उपदेश मागणाऱ्याला होतो. पण या गोष्टीत उपदेश फार थोडा आहे. पहिला दिरहम अन्नाला गेला. लिलाव प्रेषितांनी केला, दांडा त्यांनी बसवला. आपण दांडा न बसवताच पंधरा दिवसांचा हुकूम सुनावतो.

दांडा बसवणारी माणसे या भागात झाली आहेत. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात बुडाल्या होत्या, तेव्हा १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. गाडगे महाराज हातात मातीचे गाडगे घेऊन भाकरी मागत, पण आधी गाव झाडून काढत. पाया पडू पाहणाऱ्याला पाया पडू देत नसत. आज दादर पूर्वेला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात दूरदूरहून आलेले कर्करोगी आणि त्यांचे नातेवाईक तेथे अल्प खर्चात राहतात. जागा मिळाली नाही की तेच लोक रुग्णालयासमोरच्या पदपथावर प्लास्टिक अंथरतात, आणि काही दिवसांनी त्यांतला एखादा फाईल दाखवत आपल्यापुढे हात करतो. फाईल खरी की खोटी? आपल्याला तपासता येत नाही. मागणारा घोड्यावर बसून आला तरी त्याचा हक आहे, अशा आशयाची एक हदीस आहे. तिच्या सनदीविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण मुद्दा विचार करण्याजोगा आहे. फसवले जाण्याची भीती एवढी मोठी का व्हावी? भाजीवाल्याने दहा रुपये जास्त घेतले तर आपण भाजी खाणे सोडत नाही.

त्या मुलाच्या आईसाठी शाळेतल्या काहीजणांनी जकात एकत्र करून शिलाईचे यंत्र घेऊन दिले. कुऱ्हाडच म्हणा. तयार कपड्यांच्या कारखान्यातून तिला पीसवर काम मिळू लागले, पण एका पीसचा दर इतका कमी की दिवसभर बसून औषधाचा खर्च निघेना. ती अधूनमधून शुक्रवारी दिसते, असे मुलांकडून कळले. आमचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "देखा? आदत नहीं जाती." आम्ही त्यांना एवढेच म्हटले की त्या अन्सारीची लाकडे मदीन्याच्या बाजारात रास्त भावाने विकली गेली म्हणून दहा दिरहम झाले. बाजारच पिळणारा असेल तर एकट्या कुऱ्हाडीने काय होणार? ती शुक्रवारी आता जाते की नाही, हे आम्ही तिला विचारलेले नाही. मुलगा नववीत गेला.

माहीमच्या दर्ग्याजवळ काही खानावळींपुढे रोज एक दृश्य दिसते. माणसे रांगेत उकिडवी बसलेली असतात. कोणी हात पुढे करत नाही, कोणी हाक मारत नाही. येणारा माणूस गल्ल्यावर पैसे देतो, 'दस आदमी' म्हणतो आणि निघून जातो. रांगेतले पहिले दहा आत जातात. देणाऱ्याने त्यांची तोंडे पाहिली नाहीत, त्यांनी त्याचे. मुंबईत आलेले पाहुणे हे पाहून हळहळतात, आणि हळहळण्यासारखे त्यात आहेच. भरदिवसा रस्त्यावर भूक मांडून बसणे कोणाला आवडेल? तरी आम्हाला ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. येथे ओरडणाऱ्याला गप्प बसणाऱ्यापेक्षा जास्त मिळत नाही. पाय धरून नंबर पुढे सरकत नाही. अन्न ठरलेले आहे, जागा ठरलेली आहे आणि मिळणार याची बऱ्यापैकी खात्री आहे, म्हणून त्याच माणसांना येथे इल्हाफची गरज उरत नाही. टाटासमोरच्या गल्लीत हरखचंद सावला यांच्या संस्थेने रुग्णांच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षे जेवण दिले तेही असेच. वेळ ठरलेली, भांडण नाही.

आपल्या मशिदींच्या कमिट्यांना हे का जमू नये? रमजानमध्ये जकातीचा केवढा पैसा एका महिन्यात हलतो! त्यातला बराच भाग पावतीपुस्तके घेऊन दूरदूरहून येणाऱ्यांना आणि दाराशी जो जास्त ओरडेल त्याला जातो. मोहल्ल्यात कोणाच्या घरी कमावता माणूस अंथरुणाला खिळला आहे, कोणाच्या मुलाची शाळा सुटली, हे शिक्षकांना माहीत असते, रेशन दुकानदाराला असते, दवाखान्यातल्या डॉक्टरला असते. २०२० च्या टाळेबंदीत धान्याची पाकिटे वाटताना अशाच याद्या रातोरात तयार झाल्या होत्या आणि त्यांत कधीही हात न पसरलेल्यांची नावे होती. मग त्या याद्या फाडल्या का गेल्या? आमच्या ओळखीच्या एका कमिटीत हा विषय निघाला तेव्हा दोन बैठका याच वादात गेल्या, की यादीत फक्त मुसलमान घ्यायचे की चाळीतले सगळे. उमर यांचा दाखला दिला गेला. जकात आणि सदका यांच्या नियमांतला फरक दाखवला गेला. तो फरक आहेही, आणि सदक्याचा वेगळा डबा ठेवून तो सुटण्यासारखा आहे. तिसरी बैठक अजून व्हायची आहे.

तोपर्यंत बाही धरणारा बाही धरणारच. त्याला द्यावे की न द्यावे, हे त्या क्षणी ज्याने त्याने ठरवावे. ज्याला भीती वाटते, विशेषतः मुलीबाळींना, त्यांनी हात सोडवून घ्यावा, चार माणसांना हाक मारावी. त्यात पाप नाही. आम्ही स्वतः दादरच्या पुलावर सहसा देत नाही. थांबतो, तोंडाकडे पाहतो, 'माफ करो' म्हणतो. पुष्कळदा त्यावर शिवीच ऐकावी लागते. एकदा एका म्हातारीने मात्र धरलेली बाही सोडली आणि विचारले, "नाम क्या है बेटा?" गाडी लागलेली होती. तरी नाव सांगून, तिचे विचारून मगच जिना उतरलो.